अंबिकावहिनीचं उट्टं

माझी थोरली जाऊ, अंबिकावहिनी, कुणाचं काही ठेवून घेणारी नाही. तुम्ही तिच्याशी चांगलं वागलात तर तुमच्या घरी पिकलेला फणस पोचेल, वाईट वागलात तर त्याचीही परतफेड होईल. उशिरा होईल, पण होईल. तिच्या वाटेला जायच्या आधी माणसाने दहादा विचार करावा, असं अख्ख्या श्रीवर्धनात कुणीही सांगेल.

आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. मी नवी नवरी म्हणून या घरात आले, तेव्हाची गोष्ट. शेजारच्याने आमच्या पाटाचं पाणी गुपचूप आपल्या वाडीत वळवलं, आणि वहिनी विचारायला गेली तर भर रस्त्यात म्हणाला, "बायकांना वाडीतलं काय कळतं?" वहिनी एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, घाबरली. छे हो! गणपती आले, त्याच्या घरी सगळी आळी आरतीला जमली, आणि प्रसाद हातात घेऊन ही बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मोदक छान झालेत हो. आमचं पाणी लागलेलं दिसतंय." लोक असे हसले की त्या माणसाला तोंड लपवायला जागा उरली नाही. घरी येताना मला म्हणाली, "कमळ, लक्षात ठेव. चारचौघांत केलेला अपमान चारचौघांतच फेडायचा. एकटं गाठून बोललं की आपणच भांडकुदळ ठरतो."

मला ते फार पटलं. माझाही राग नाकाच्या शेंड्यावर असतो. फक्त माझा लगेच उतू जातो आणि तिचा लोणच्यासारखा मुरत राहतो.

तिचे यजमान, आमचे विश्वंभरदादा, अगदी उलट. तालुक्याच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले, पण कुणाशी आवाज चढवून बोललेले मला आठवत नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट अंगात असल्याशिवाय दारातला पेपर उचलायचे नाहीत. रिक्षावाल्यालाही अहो-जाहो करणार. असा माणूस. आणि अशा माणसाचं त्या विमानात काय केलं मेलीने!

सांगते. सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी उगाच तोंड टाकत नाहीये हे तुम्हाला कळेल.

त्यांची एकुलती एक मुलगी मैथिली कॅनडात असते. तिचं बाळंतपण आलं, म्हणून दोघं निघाली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळी बांधाबांध मीच केली. दादांना प्रोस्टेटचा त्रास. सारखं उठावं लागतं, आणि लागलं की धीर धरवत नाही. मैथिलीला ते ठाऊक, म्हणून तिने मुद्दाम संडासाजवळच्या, कडेच्या खुर्च्या निवडून तिकिटं काढली होती. एवढी काळजी घेतली होती, बघा.

विमान कुठल्याशा परदेशी कंपनीचं, मध्ये एकदा बदलायचं. आत शिरल्या शिरल्या एक हवाईसुंदरी हसत समोर आली. छातीवर पाटी, रुचिता. आता आमच्या वहिनीला माणूस भेटलं की नाव, गाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही. "कुठली गं तू?" तर म्हणे, "पेणजवळची, काकू." अहो, काय आनंद झाला वहिनीला! "म्हणजे आपल्या रायगडातलीच की!" म्हणत तिने पिशवीतून ओल्या नारळाची वडी काढून तिच्या हातावर ठेवली. त्या पोरीने पडद्याआड जाऊन खाल्लीही. "काकू, एकदम घरची आठवण आली," असं येऊन सांगून गेली.

आणि मग हळूच म्हणाली, "काका, काकू, एक रिक्वेस्ट होती. या फॅमिलीबरोबर लहान मुलं आहेत, त्यांना एकत्र बसायचंय. तुम्ही जरा मागे बसाल का?" मराठी कुटुंब होतं, मुंबईकडचं. वहिनीने स्पष्ट सांगितलं, "अगं, यांना सारखं उठावं लागतं." त्यावर ती काय म्हणाली ते ऐका. "काकू, मी आहे ना! काकांनी बेल दाबायची, मी लगेच येते." हे शब्द मी पाठ करून ठेवलेत.

दादांनी कधी कुणाला नाही म्हटलंय का? उठले. त्यांना मिळाली खिडकीची जागा. त्यांच्या आणि वाटेच्या मध्ये दोन धिप्पाड गोरे, जेवण झाल्या झाल्या तोंडावर पांघरूण ओढून घोरायला लागलेले. वहिनी पुढच्या रांगेत, दोन माणसांच्या मध्ये चेपलेली. पाय लांब करायला जागा नाही, पाणी मागितलं तर बाहुलीच्या भांड्यात द्यावं तसं एवढंसं. पण त्याचं काही नाही. आपण काही पाय पसरायला जात नाही, लेकीकडे जातो.

खिडक्यांचे पडदे लावले, दिवे मालवले. दादांना लागली. त्यांनी बेलचं बटण दाबलं. डोक्यावर दिवा लागला, पण कुणी आलं नाही. पुन्हा दाबलं. कुणी नाही. शेवटी त्या शेजारच्या दोघांना 'सॉरी, सॉरी' म्हणत उठवलं, ते कुरकुरत बाजूला झाले, दादा कसेबसे वाटेत आले, तेवढ्यात विमान हलायला लागलं आणि पट्ट्याची खूण पेटली. रुचिता कुठून तरी उगवली. "बसा आधी! पट्टा बांधा! समजत नाही का?"

"बाळ, मला जरा..." दादा म्हणाले.

"सगळ्यांनाच जायचंय, काका. बसा म्हटलं ना!"

बसले. आता विमान हललं असेल, मी नाही म्हणत नाही. नियम असेल, तोही कबूल. पण मग हलायचं थांबलं. बेलचा दिवा तसाच पेटलेला. आणि ही बया पुढच्या भारी वर्गातल्या कुणासाठी तरी कॉफीचा कप घेऊन दादांच्या रांगेवरून गेली. दादांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. वहिनी मान वळवून बघत होती. रुचिताने पाहिलं, आणि निघून गेली. तिला कॉफी सांडायची नव्हती.

मग व्हायचं ते झालं.

शेजारचा गोरा दचकून उठला आणि ओरडला. रुचिता आली. तिने दिवा लावला, नाकाला हात लावला, आणि आमच्या दादांना, ज्यांनी तिला बाळ म्हटलं होतं त्यांना, मराठीत म्हणाली, "काका, डायपर घालून यायचं ना घरून! आता ही सीट कोण साफ करणार?" इंग्रजीत बोलली असती तर एक वेळ परवडलं असतं हो. मराठीत बोलली. आणि ज्या कुटुंबासाठी दादांनी जागा सोडली, त्या कुटुंबातला बाप हसला. त्याच्या पोरांनी मान उंच करून पाहिलं. गोऱ्यांना दुसरीकडे जागा दिली. दादांना काय दिलं? कचऱ्याची काळी पिशवी. "यावर बसा."

उरलेला सबंध प्रवास, पुढच्या विमानातसुद्धा, दादा त्या पिशवीवर बसून होते. सामानातले कपडे विमानाच्या पोटात. मधल्या विमानतळावर वहिनीची शाल कमरेला गुंडाळून, थंडी वाजल्याचं सोंग करत चालले. मैथिली घ्यायला आली होती, तिला जवळ येऊ दिलं नाही, आधी बाथरूममध्ये गेले. नातवाला पहिल्यांदा हातात घेतानाही दादांनी विचारलं म्हणे, "माझ्या अंगाला वास येत नाही ना?"

हे मला वहिनीने सांगितलं, सुपारी सोलता सोलता. तिचे डोळे कोरडे होते, पण सोलणं मात्र असं चाललं होतं की सुपारीऐवजी बोट जातंय की काय अशी मला भीती वाटली.

परतीच्या प्रवासात दादांनी घोटभर पाणी घेतलं नाही. घरी आले ते ताप घेऊनच. बरे झाले, आणि त्यांनी वहिनीला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, मी पुन्हा विमानात पाय ठेवणार नाही. दोन, झालं ते समुद्रापार राहिलं, इथे कुणाला कळता कामा नये. "एवढं एक माझं ऐक," म्हणाले. गावात ते पूर्वीसारखेच वागायला लागले. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जायचे, तुळशीराम नावाचे त्यांचे कचेरीतले जोडीदार आहेत, त्यांच्याशेजारी बाकावर बसून अंधार पडेपर्यंत राजकारण करायचे. तेवढंच काय ते त्यांचं जग, आणि तिथे त्यांना मान होता. तिकडे मैथिली फोनवर रडायची, "बाबा, बाळाच्या वाढदिवसाला तरी या." हे म्हणायचे, "वाडीचं काम आहे गं." कसलं काम? मीच बघते वाडीचं काम.

मैथिलीने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं गोडगोड. आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल खेद वाटतो, पुन्हा सेवेची संधी द्या. वहिनीने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "सेवा?" एवढंच म्हणाली. मी तिला ओळखते. मला कळलं, आता ही कंपनीच्या नादी लागणार नाही, ही त्या पोरीला शोधणार.

आणि शोधायचं म्हणजे काय, रायगड जिल्हा केवढा तो! पेणकडचं माणूस दिसलं की वहिनी विचारायची, तुमच्याकडे कुणी रुचिता नावाची हवाईसुंदरी आहे का हो? नारळवाल्याला विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. शेवटी सापडली ती आमच्याच अंगणात. आमची सुपारी वाशीला नेणारा टेंपोवाला अल्पेश, आगरी पोरगा, हसतमुख. पोती चढवता चढवता म्हणाला, "रुचिता? ती तं आमच्या दयारामशेठची पोरगी! आमच्याच गावची. पुढच्या हप्त्यात हलद हाय तिची." आणि मोबाइलवर फोटो दाखवला. वहिनीने चष्मा लावला. तीच. ओठ तसेच लाल.

"या ना काकू हलदीला," अल्पेश म्हणाला. "सगला गाव जेवतंय. आमच्याकडं हलदीला कुनाला मना न्हाय."

"येऊ की," वहिनी म्हणाली. इतकं गोड बोलली की माझ्या अंगावर काटा आला.

आता आगरी लोकांची हळद काय असते ते तुम्हाला ठाऊक असेल. लग्नापेक्षा हळद मोठी. वहिनीला हवे होते तेवढे चारचौघे एका मांडवात आयते जमणार. मी विचारलं, "वहिनी, पण दादांनी सांगितलंय ना, कुणाला कळता कामा नये?" ती म्हणाली, "इथे. इथे कळता कामा नये म्हणाले. पेणच्या खेड्यात श्रीवर्धनचं कोण येतंय?" मलाही ते बरोबर वाटलं. आम्ही दादांना सांगितलं, पेणला गणपतीची मूर्ती सांगायला जातो. त्यांनीच आम्हाला वाटेत खायला चकल्या बांधून दिल्या.

अल्पेशच्या टेंपोत पुढे बसून गेलो. ऊन उतरत होतं. मांडव म्हणजे काय, अख्खं शेत झाकलेलं. एका बाजूला डीजे, दुसऱ्या बाजूला सिनेमाचा असावा एवढा पडदा, त्यावर नवरीचं तोंड एवढं मोठं दिसतंय. कॅमेरे तर इतके की मोजायचं सोडून दिलं. आपल्याकडे लग्नात व्हिडिओ काढतात तसाच काढतायत, असं आम्हाला वाटलं. म्हातारी धवलारीण माइकसमोर बसून लग्नाची गाणी, धवले, गात होती, बायका एकेक करून नवरीला हळद लावत होत्या. नवऱ्याकडच्या बायका पुढच्या खुर्च्यांत, सोन्याने मढलेल्या.

वहिनीने पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. मी मागे. तिने रुचिताच्या दोन्ही गालांना नीट हळद लावली, कपाळाला लावली. पोरगी हसली, ओळख काही पटली नव्हती. कशी पटणार? अशी कितीतरी माणसं तिने उठवून मागे बसवली असतील. तेवढ्यात माइकवाल्या पोराला अल्पेशने काहीतरी सांगितलं, आणि तो जोरात ओरडला, "खास श्रीवर्धनहून आपल्या रुचितासाठी आलेल्या काकू! काकू, आशीर्वादाचे दोन शब्द!"

देवच पावला म्हणायचं. माइक मागावाही लागला नाही.

"मी अंबिका विश्वंभर करंदीकर," वहिनी म्हणाली, आवाज तोच, गणपतीतला. "राहणार श्रीवर्धन, समुद्राकडची आळी. ही मुलगी मला ओळखत नाही, पण माझ्या हातची नारळाची वडी हिने खाल्लीय. विमानात. मी आणि माझे यजमान लेकीच्या बाळंतपणाला चाललो होतो. हिने गोड बोलून आमची जागा काढून घेतली. यांना लघवीचा त्रास, तेही हिला सांगितलं होतं. मी आहे ना काकू, म्हणाली. यांनी बेल वाजवली, ही आली नाही. यांनी हात वर केला, हिने पाहिलं आणि कॉफी घेऊन पुढे गेली. शेवटी यांचं कपड्यांत झालं."

डीजे केव्हाच थांबला होता. धवलारणीने गाणं अर्धवट टाकलं.

"तर ही म्हणाली, काका, डायपर घालून यायचं ना! सगळ्यांसमोर. आणि माझ्या नवऱ्याला हिने कचऱ्याच्या पिशवीवर बसवलं. तिथून कॅनडापर्यंत." वहिनी नवऱ्याकडच्या बायकांकडे वळली. "तुमच्या घरात म्हातारं माणूस असेलच. सून येतेय. काळ्या पिशव्या आणून ठेवा."

अहो, काय सांगू! त्या सोन्याने मढलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. मोठ्या पडद्यावर रुचिताचं तोंड, आणि त्या पिवळ्या तोंडावरून पाण्याचे ओघळ.

तिची आई सोनूबाई गर्दीतून पुढे आली. "रुचिते, खरा हाय ह्ये?"

"आये, तवा डूटीवर डूटी लागली व्हती, मना उभा ऱ्हावत नव्हता..."

"खरा हाय का न्हाय, तवरा सांग."

"व्हय," पोरगी म्हणाली, आणि हमसून रडायला लागली.

सोनूबाईने वहिनीसमोर पदर पसरला आणि पाय धरायला वाकली. वहिनी मागे सरकली. "माझे नकोत. ज्यांचे धरायचे ते आता कुठे जात नाहीत. नातवाला बघायलाही जात नाहीत." माइक त्या पोराच्या हातात दिला आणि ताठ मानेने मांडवाबाहेर आली. दयारामशेठ जेवून जा म्हणून हात जोडत होते. आम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही.

मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! काळजात थंडगार झालं. अल्पेश बिचाऱ्याला आता गावात कोण उभं करणार, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. वडखळला उतरून चहा प्यायलो, दादांच्या चकल्या काढल्या, आणि कित्येक महिन्यांनी वहिनी पोट धरून हसली. "तोंड बघितलंस तिचं, कमळ?" पुन्हा पुन्हा तेच. "त्या पडद्यावर बघितलंस?" तिला वाटत होतं, कधी एकदा दादांना सांगते. मीच म्हटलं, लगेच नको, चांगली वेळ बघून सांगा. आणि मला अजूनही त्या मुलीची कीव येत नाही, सांगून ठेवते. दमली असेल, तिच्यावरही कुणी ओरडत असेल. म्हणून काय पिशवी द्यायची?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा नेहमीसारखे समुद्रावर गेले. आणि गेले तसे परत आले. उजेड होता अजून. मी आणि वहिनी ओटीवर सुपारी निवडत होतो. दादा पायरीशी उभे राहिले, वर आले नाहीत.

"तुळशीराम म्हणाला, महाडला चांगला डॉक्टर आहे," ते म्हणाले. "म्हणाला, लाजू नकोस, वयाने होतं असं. त्याच्या व्याह्यालाही होतं. बाकावरचे सगळे फार चांगलं बोलले. मला मध्ये बसायला जागा करून दिली."

वहिनीच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "त्याला कुणी सांगितलं?"

"तू. त्याच्या मोबाइलवर. त्या हळदीचं सगळं लाईव्ह चालू होतं म्हणे, आता गावभर फिरतंय. नाव सांगितलंस, गाव सांगितलंस, आळीसुद्धा सांगितलीस."

"अहो, मी तुमच्यासाठी..." वहिनीचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांसमोर रडवलं तिला. तुम्ही बघितलंत ना? तुमचा अपमान..."

"बघितलं. रडली ती." दादांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि आत जायला निघाले. उंबऱ्यावर थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते समजावून सांगावं तसं, अगदी हळू आवाजात म्हणाले, "विमानात मला कुणी ओळखत नव्हतं, अंबिके."

आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.